चुन्याखालची बाई

बाबा, आपल्या गावच्या देवळात मागच्या महिन्यात भिंतींना टाइल्स बसल्या. पिवळ्या, गुळगुळीत, न्हाणीघरात शोभतील अशा. तुम्ही असता तर दोन दिवस जेवला नसता.

दिग्रसच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात आणि रविवारी मला घेऊन एसटीने गावी यायचात, त्या देवळासाठी. काळ्या दगडांचं, चुन्याशिवाय दगडात दगड अडकवून रचलेलं ते हेमाडपंथी देऊळ. आत भिंतींवर पुढे कुणीतरी गिलावा करून चित्रं काढलेली, आणि त्यांच्यावर गाव दरवर्षी जत्रेआधी भक्तिभावाने चुना फासणार. तुमच्या वहीत मासिकातून कापलेला एका परदेशी चर्चचा फोटो होता. बायझंटाइन, म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातलं; हा शब्द मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. इवलंसं चर्च, जाड भिंती, वर एकच घुमट, आत टपोऱ्या डोळ्यांचे संत. "पाह्य, हे अन् आपलं देऊळ एकाच काळातलं. तिकडंबी चित्रं चुन्याखाली झाकली होती, म्हनून वाचली," तुम्ही सांगायचात. बांबूची कामटी आणि ओला कापूस घेऊन आपण नखाएवढा चुना काढायचो. "ओल्या गिलाव्यावरचा रंग आत मुरते. पन डोळे-ओठ शेवटी, कोरड्यावर काढत. तिथं हात हलका ठेवजो," हे तुम्ही मला दहादा बजावलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं. चित्रातली दिवा धरलेली एक बाई पायांपासून गळ्यापर्यंत चुन्यातून वर आली होती. तुम्ही विहिरीवर पाणी आणायला गेलात. मी आईच्या स्वयंपाकघरातून धुण्याचा सोडा पुडीत बांधून आणला होता, स्वतःला फार शहाणी समजून. तो बादलीतल्या उरलेल्या पाण्यात कालवला आणि फडक्याने घासलं. चुना भराभर सुटला, तिचा चेहरा वर आला, आणि पुढच्या दोन हातांत फडक्याबरोबर निघूनही गेला. हाताला लागलेला रंग मी ओढणीच्या आत पुसला.

तुम्ही आलात, पाणी खाली ठेवून भिंतीजवळ गेलात. "इथं तोंड नोतं का व?"

"नव्हतं, बाबा. असंच निघालं."

तुम्ही खाली बसलात. "म्हंजे माह्याच हातानं गेलं. म्या उघडलं, हवा लागली." ब्रश न धुता ठेवला म्हणून एकदा तुम्ही मला थोबाडीत मारली होती. त्या दिवशी तसं काही केलं असतं तर मी बोलून टाकलं असतं. पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः चुना कालवलात आणि सगळ्या भिंतीवर तीन हात दिलेत. "झाकलेलं राह्यलं तं वाचून जाईन. कोनी जानकार आला का सांगजो," म्हणालात. त्यानंतर तुम्ही माणसाचं तोंड कधी काढलं नाही. वर्गात नुसत्या सुरया आणि झाडं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही दोनदा म्हणालात, "एका बाईचं तोंड खाल्लं म्या." मी तुमचे पाय चेपत होते.

आता त्याच शाळेत मी चित्रकला शिकवते. देवस्थान समितीचे काका दिवाळीनंतर घरी आले. "ताई, मास्तर म्हनत का चुन्याखाली चित्रं हायेत. असतीन तं टाइलचं काम थांबवतो, बोलावू कोनाले तरी." जाणकार येणार, चुना काढणार, मग ही बाई कुणी आणि कशाने धुतली ते विचारणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "काही नाही काका, करा तुम्ही," मी म्हणाले. ते चहा पिऊन गेले. आठवड्याने मी देवळात गेले तेव्हा भिंतींचा गिलावा फोडायचं मशीन चालू होतं. खाली ढिगात लाल होतं, निळं होतं. मजूर ते घमेल्यात भरून रस्त्याच्या खड्ड्यात टाकत होते आणि मी चप्पल हातात धरून उभी होते. मला माझी लाज वाटते, बाबा.

हे पत्र तुमच्या वहीत ठेवणार आहे, त्या चर्चच्या फोटोशेजारी. तुमच्या हाताने काही गेलं नव्हतं. चेहरा होता, बाबा. डोळे मोठे, खालचा ओठ थोडा पुढे आलेला, नाकात नथ. तिला पाहिलेली मी एकटीच. एवढी वर्षं हातात ब्रश आहे, पण तिला एकदाही कागदावर काढलेलं नाही.