मोफत वापरासाठी बाबा

३ मार्च, मंगळवार

सकाळपासून दात! दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट करायचीय. त्यांना हवा हसणारा माणूस — साठीच्या पुढचा, दात सगळे जागेवर, आणि फुकट. फुकट सगळ्यात महत्त्वाचं. साहेबांचं रोजचं पालुपद — "विकतचं काही नको, शोधलं की मिळतं." शोधायला मी आहेच! सहा वर्षं हेच करतेय. दुसऱ्यांच्या दुकानांसाठी फुकटचे फोटो, फुकटचं संगीत, फुकटचे व्हिडिओ. हस्तांदोलन करणारे दोन हात. कानाला हेडफोन लावून हसणारी बाई. मातीतून वर येणारा कोंब. कुठल्याही धंद्याला कुठलंही लावा, कुणी विचारत नाही.

चार वाजता हात टेकले आणि बाबांनाच लावलं. परत!

पाच वर्षांपूर्वी असाच एक चष्मेवाला म्हातारा मिळत नव्हता. एका रविवारी घरी बाबांना खिडकीपाशी बसवलं, त्यांच्या टकलावरून चिडवलं, ते हसले, मी फोटो काढला. मग साफ केला. दात उजळले, डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, डाग-खुणा पुसल्या, नेहमीचं सगळं. "फुकटातला माणूस कुणाचाही वाटला पाहिजे," हे साहेबांचं तत्त्वज्ञान. आणि मोफत फोटोंच्या साइटवर टाकला — कुणीही वापरा, कशासाठीही वापरा, नाव द्यायची गरज नाही. त्याच झपाट्यात त्यांची शिट्टीही टाकली. भांडी घासताना वाजवतात ती, स्वतःच रचलेली. लांबलचक आहे, मी अर्ध्या मिनिटात कापली. पार्श्वसंगीताला तेवढी पुरते.

आज बघितलं तर फोटो एक्केचाळीस हजार वेळा उतरवून घेतलाय लोकांनी. बाबांना सांगितलं. म्हणाले, "मग मला रस्त्यात कुणी नमस्कार कसा करत नाही?"

हल्ली विसरतात. परवा मला विचारलं, "तुमची ड्यूटी किती वाजता संपते?" तुमची! मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

४ मार्च, बुधवार

डॉक्टर खूश. "अगदी आपला पेशंट वाटतो हो!" बाबांची खालची कवळी आहे, हे बोलले नाही.

५ मार्च, गुरुवार

बाबा घरात नाहीत.

साडेबारा वाजता शेजारच्या काकूंचा फोन ऑफिसात — दार सताड उघडं, पंखा चालू, बाबा नाहीत. मी तेव्हा ‘सुखी कुटुंब’ या नावाचा व्हिडिओ शोधत बसले होते. तशीच पळत आले. बाग, वाचनालय, न्हाव्याचं दुकान, बसथांबा. न्हावी म्हणाला, "आज नाही आले. आले की बसवून ठेवतो."

त्यांच्या चपला इथेच आहेत. माझ्या घालून गेलेत बहुतेक. माझ्या त्यांना टाचेत केवढ्या तोकड्या!

६ मार्च, शुक्रवार

पोलीस चौकी. हवालदार तसा सज्जन. फॉर्म भरून घेतला. वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे. "ओळखखूण?" म्हटलं, काही नाही. तो चेहरा मी रोज स्क्रीनवर बघते, पाठ आहे मला.

फोटो मागितला. दिला. त्याने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग स्वतःचा मोबाइल काढून दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. बाबा! खाली लिहिलेलं — ‘एक समाधानी ग्राहक’.

"ताई, हा नेटवरचा फोटो आहे. वडलांचा द्या."

"हेच माझे वडील आहेत."

"असे फोटो लावून लोक मस्करी करतात. आम्ही किती वेळ घालवायचा सांगा."

सगळं समजावलं. मीच काढला, मीच टाकला. तर म्हणाला, मग दुसरा दाखवा. दुसरा नाही! बाबांना फोटोचा कंटाळा. आधार कार्डावर नुसती काळी सावली. भावाच्या लग्नातल्या घोळक्यात आहेत ते वाटाण्याएवढे. आणि खिडकीतल्या त्या फोटोचं मूळ? मी त्याच्यावरच साफ केलेला सेव्ह केला होता. पहिल्याच आठवड्यात नवख्या पोराला आपण बजावतो ना — मुळाला हात लावू नकोस, आधी प्रत काढ. तेच मी घरच्या फोटोला केलं नाही. घरचाच तर होता!

शेवटी शिधापत्रिका बघून त्याने नोंद घेतली. तोच फोटो सगळ्या चौक्यांना आणि दवाखान्यांना पाठवला.

७ मार्च, शनिवार

भाऊ पहाटेच्या गाडीने आला. पोस्टर छापली, भिंतींवर लावली, मोबाइलवर सगळ्यांना पाठवली. अकरापासून फोन सुरू. एवढे फोन! पहिल्या तासात मला वाटलं, संध्याकाळपर्यंत बाबा घरी.

"पाहिलंय मी यांना! आमच्या पतसंस्थेचे संस्थापक ना?"

"बाई, हे गृहस्थ तर केस उगवायच्या औषधात आहेत. उगवायच्या आधीचे."

"यांचं तर गावाबाहेर रिसॉर्ट आहे. मजेत असतील, काळजी करू नका."

एकीने तर दरडावलं — अशा चांगल्या प्रसिद्ध माणसाला हरवलेला म्हणून बदनाम करता, लाज नाही वाटत?

एकसष्ट फोन. एकानेही बाबांना पाहिलेलं नाही. भाऊ वहीत लिहून घेत होता. तिसाव्या फोननंतर त्याने लिहिणं सोडलं.

८ मार्च, रविवार

एकेका रुग्णालयाला फोन. मोठ्या सरकारी रुग्णालयातली टेलिफोनवरची बाई म्हणाली, थांबा, वॉर्डात विचारते. आणि तिने लाइन थांबवून ठेवली.

शिट्टी वाजायला लागली. बाबांची!

अर्धं मिनिट. संपली. पुन्हा पहिल्यापासून. मी कापलेल्या जागी तुटत होती, पुन्हा सुरू होत होती. चार वेळा ऐकली. ओट्याला टेकून खालीच बसले.

बाई परत आली. "पोलिसांचा फोटो आलाय आमच्याकडे, सिस्टरनी ताडून पाहिलाय. ते आमच्याकडे नाहीत."

मी म्हटलं, तुमच्या फोनवर आत्ता शिट्टी वाजवत होते ते माझे बाबा आहेत.

"अहो, ती फोनची ट्यून आहे."

"माहितेय. बाबाच आहेत ते. पुढे अजून आहे ती, मी कापली."

मग वेड्या माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "बरं. नंबर देऊन ठेवा तुमचा." दिला.

९ मार्च, सोमवार

भाऊ आज बोलला. दोन दिवस गिळत होता.

"लोक वडलांचा फोटो भिंतीवर लावतात. तू जगाला वाटलास, ताई!"

मी म्हटलं, मी वाटला, पण इथे राहून त्यांच्या औषधाच्या वेळा कोण पाळतंय? तू वर्षातून दोनदा येतोस पाहुण्यासारखा. तो म्हणाला, दार उघडं टाकून तू ऑफिसला गेलीस. मी उघडं टाकलं नव्हतं! ओढून घेतलं होतं. बाहेरून कडी लावायची मला लाज वाटायची. बापाला कसं कोंडायचं?

हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहितेय.

तो बाबांच्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन झोपलाय. झोपेत अगदी त्यांच्यासारखा दिसतो.

११ मार्च, बुधवार

ऑफिसला गेले. घरात बसवत नव्हतं. फोटो साइटवरून काढून टाकला. एक बटण दाबलं. साइटचं उत्तर आलं — आधी ज्यांनी घेतलाय त्यांचा वापरण्याचा हक्क कायम राहील. हे वाक्य मीच किती जणांना वाचून दाखवलंय! "काळजी करू नका साहेब, एकदा दिलं की दिलं. परत मागता येत नाही."

साहेब मागे येऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात. म्हणाले, "दातवाल्यांचं बदलू का? तुला रोज दिसायला नको." चांगला आहे माणूस. मी मान हलवली. मग दोन तास दुसरा हसणारा म्हातारा शोधला. एकही बरा नाही. सगळे खोटे हसतात.

१२ मार्च, गुरुवार

चौकीत. "ताई, शोध चालू आहे." हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला.

१३ मार्च, शुक्रवार

आज एकही फोन नाही. खोटासुद्धा नाही.

१४ मार्च, शनिवार

दुपारी फोन — "तुमचे वडील आमच्या गल्लीत उभे आहेत. आत्ता. डोळ्यांनी बघतोय मी." म्हातारा आवाज. आत्ता म्हणाला म्हणून आम्ही निघालो. शहराचं दुसरं टोक, दोन बस बदलून.

उभे होते खरेच. कानाच्या मशीनच्या दुकानाबाहेर, पुठ्ठ्याचे. पुरुषभर उंचीचे. डोकं बाबांचं, खाली कुणाचातरी सूट चिकटवलेला. फोन करणारे आजोबा समोरच्या ओट्यावर बसून होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. "मिळाले ना?" म्हणाले. भावाने त्यांना हो म्हटलं. त्यांचे हात हातात घेऊन हो म्हटलं.

मी पुठ्ठ्याजवळ उभी राहिले. गालावर हात ठेवला. गुळगुळीत. दुकानातली मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "मशीन कुणासाठी हवंय, काकू?"

परत येताना बसमध्ये भाऊ म्हणाला, "ताई, बाबा असे दिसायचे का गं?" मी म्हटलं, असेच तर. तो म्हणाला, "काहीतरी वेगळं वाटतं." मी खेकसले त्याच्यावर. पण मग डोळे मिटून बाबा आठवायला गेले तर फोटोच येत होता समोर. खिडकी, उजळ दात, तेच हसू. हलत नव्हतं काही. बाबा माझ्या डोक्यातूनही गेलेत.

१५ मार्च, रविवार

काकू म्हणाल्या, आता मनाची तयारी ठेवा. भावाने परतीचं तिकीट बघायला घेतलं, मग मोबाइल पालथा ठेवला. दहा दिवस झाले. तोकड्या चपलांत माणूस कुठवर जाणार?

कुणी बाबांना परत आणील असं आता वाटत नाही. लिहून टाकलं.

१६ मार्च, सोमवार

त्यांचा टॉवेल धुतला नाही.

१७ मार्च, मंगळवार

सरकारी रुग्णालयातून फोन. टेलिफोनवरची तीच बाई.

"शिट्टीवाल्या ताई तुम्हीच ना? आमच्याकडे पाच तारखेपासून एक आजोबा आहेत. रस्त्यात पडले होते, तापात होते, बोलत नव्हते. सिस्टरनी तुमचा फोटो ताडला होता, पण यांच्या डाव्या भुवईत जुनी चीर आहे, फोटोत नाही. कागदावर पण लिहिलंय, ओळखखूण नाही. म्हणून ते हे नव्हेतच, असं धरलं. आज सकाळपासून शिट्टी वाजवतायत. आमच्या फोनचीच. पण ताई, आमची अर्ध्यावर तुटते. ते पुढची वाजवतायत."

डावी भुवई. झोपाळ्याची पाटी लागली होती. मी सहा वर्षांची, मीच ढकलला होता. तीन टाके. फोटोतली ती चीर मीच पुसली आणि विसरले.

भाऊ जिना उतरलासुद्धा. बाबांच्या चपला पिशवीत घेतल्या. निघते.