भिंतीच्या रंगाचा कोट

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय, मोठ्या डिझायनरांच्या वह्या पुढे काचेच्या पेटीत ठेवतात.

सरांनी वर्षाचं शेवटचं काम दिलं. कलादालनातलं एक चित्र निवडायचं आणि त्यावरून एक कपडा शिवायचा. नवं कापड अजिबात चालणार नाही. कुणाचा तरी वापरलेला कपडा उसवून त्यातूनच करायचं. शिवाय अट अशी की तो जुना कपडा ज्याचा, त्या माणसाने परीक्षेच्या दिवशी आपल्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. बाहेरून येणाऱ्या मॅडम आधी त्याच्याशी बोलणार, मग आपल्याशी. यात उडालो तर वर्ष गेलं.

सोपं आहे. सस्टेनेबल तर मी लहानपणापासूनच आहे. दहावीपर्यंत दादाच्याच पँटी घातल्या.

४ फेब्रुवारी
कलादालन. चित्र ठरलं. पिवळट भिंत, खुंटीवर टांगलेला जुना निळा कोट, बाकी काही नाही. वर्गातले पाचसहा जण लगेच कोटाला चिकटले. कुणी खिशाच्या सुरकुत्या काढतंय, कुणी वाकलेली कॉलर. मी भिंत बघत उभा राहिलो. कोट काय, कुणालाही दिसतो. भिंत दिसायला नजर लागते.

सरांना सांगितलं की मी भिंतीच्या रंगाचा कोट करणार. सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

५ फेब्रुवारी
मी शिकायला आत्याकडे राहतो. ती बावीस वर्षं डेअरीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होती, मागच्या वर्षी रिटायर झाली. तिला जेवताना काम सांगितलं. ती ताट तसंच ठेवून उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून तिचा कामावरचा कोट काढून आणला. निळा, जाड, आत अस्तर. खिशाचं तोंड किल्ल्यांनी झिजलेलं. डाव्या बाहीला लांबलचक दुरुस्ती, तीही लाल दोऱ्याने, कारण म्हणे त्या दिवशी घरात निळा दोराच नव्हता. म्हणाली, हवा तसा काप, आणि तुझ्या त्या खुर्चीत मी येऊन बसते. केस नीट करून येईन, असंही म्हणाली.

तिला समजावलं की माझा कन्सेप्ट भिंत आहे, निळा चालायचा नाही. शिवाय त्याला कोंदट वास मारतो. मग याचं काय करू, असं तिने विचारलं तेव्हा मी फोनवर होतो. भंगारच आहे, टाकून दे म्हटलं.

तिने घडी करून बाजूला ठेवला. नंतर ताटावर बसली नाही. भूक नसेल.

९ फेब्रुवारी
संकल्प. उद्यापासून पहाटे सहाला उठणे. घरोघरी फिरून जुनं पिवळट कापड मिळवणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे.

१० फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
उठलो. मोबाइल दुसऱ्या खोलीत असल्यामुळे अलार्म ऐकू आला नाही. योजनेतली चूक, माझी नव्हे.

१३ फेब्रुवारी
तीन मजले फिरलो. लोकांकडे पिवळं काही नसतंच. वरच्या आजोबांनी मोठ्या मनाने एक बनियन दिलं. पिवळं होतं, पण जन्मापासून नव्हे. आभार मानून परत केलं.

दारात नवं पायपुसणं आलंय. गडद रंगाचं, चांगलं जाडजूड. आत्याने घरीच शिवलंय म्हणे, दोन्ही बाजूंनी वापरता येतं. पाय झटकन कोरडे होतात हे खरं, पण कडा वाकड्या आहेत. तिला प्रेमाने सांगितलं की फिनिशिंगवर लक्ष दे. बरं म्हणाली.

१८ फेब्रुवारी
वर्गात आमची एक शिवणकिडा आहे, तिचं अर्धं काम झालं. आईच्या नर्सच्या युनिफॉर्ममधून करतेय. भावनिक ब्लॅकमेल आहे हे. मला असल्या कुबड्या नकोत.

दुपारी कापडाच्या दुकानात सहज डोकावलो. नेमका भिंतीचा रंग. घेतलं. यात फसवणूक कसली? आज नवं असलेलं कापड उद्या जुनं होणारच आहे. मी फक्त मधला काळ वाचवतोय.

१९ फेब्रुवारी
कापड जुनं करण्याचं काम जोरात. बादलीभर चहात भिजवलं. मग गच्चीवर उन्हात टाकलं. मग कोपर आणि खांदे जिथे येतील तिथे सँडपेपर घासला. एके ठिकाणी भोक पडलं. छान दिसतंय, अनुभवी वाटतं.

आत्याने चहा पावडर कुठे गेली विचारलं. प्रोसेसमध्ये गेली म्हटलं. तिने दूध घेतलं. दुधाचा तिला खरं तर वीट आलाय.

२३ फेब्रुवारी
कोट शिवून झाला. झीरो वेस्ट! एक चिंधी टाकली नाही. कापडाच्या ठाणाची किनारसुद्धा कापून न टाकता खालच्या दुमडीत आत घेतली. सर नेहमी म्हणतात की डिझायनर त्याच्या कचऱ्याच्या डब्यावरून ओळखावा. माझा डबा रिकामा आहे. शिवणकिड्याच्या डब्यात आज मूठभर दोरे दिसले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

२६ फेब्रुवारी
एकच किरकोळ गोष्ट राहिली होती, मालक. आत्याला म्हटलं, खुर्चीत बस आणि हा कोट तुझाच होता म्हणून मान हलव. ती म्हणाली, पिवळं तर मी जन्मात घातलं नाही. मी म्हटलं, याला नॅरेटिव्ह म्हणतात.  तिने विचारलं की एवढं खोटं बोललं तर तू पास होशील ना? होईन म्हटलं. मग येते म्हणाली. आणि आरशापुढे जाऊन केसांचा अंबाडा कसा दिसेल ते बघून आली.

छातीत कसंतरी होतंय. ॲसिडिटी असावी.

१ मार्च, दुपारी, कँटीनमध्ये
झालं ते लिहून काढतो. मन हलकं होतं म्हणतात.

मॅडम आधी आत्याशी बोलल्या. हा कोट कुठे घालायचात? कामावर, आत्या म्हणाली. कसलं काम? इथेच थांबायचं होतं. पण तिला विचारणारं कुणी बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. तिने सगळं सांगितलं. आत गेलं की पापण्यांना कसा बर्फ धरायचा, किल्ल्यांनी खिसा कसा फाटायचा, रॅकच्या खिळ्याला बाही अडकून टर्रकन गेली तेव्हा घरी फक्त लाल दोरा होता आणि मग तोच कसा शुभशकुन ठरला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. शिवणकिड्याची आई डोळे पुसायला लागली. मला क्षणभर वाटलं, मी पहिला येतोय.

मग मॅडम माझ्या कोटावर तो लाल दोरा शोधायला लागल्या.

आत्या म्हणाली, धुण्यात गेला असेल. मॅडमनी बाही उलटी केली, खिसा पाहिला, मग खालची दुमड उलगडली. आत किनार होती. किनारीवर बारीक अक्षरात गिरणीचं नाव छापलेलं आणि पुढे यंदाचं साल. बादलीभर चहात भिजूनही अक्षर हललं नव्हतं. छपाई मात्र पक्की, हे मान्य करायला हवं. इतर कुणीही ती किनार कापून फेकली असती. मीच कचरा केला नाही.

मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. मग बाही नाकाशी नेली. आत्या घाईघाईने म्हणाली, आमच्याकडे चहा फार होतो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी आत्याला अगदी हळू विचारलं की तुम्ही सांगितलात तो कोट खरंच होता का? होता की, आत्या म्हणाली, आता दुसऱ्या वापरात आहे. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, सोमवारी पुन्हा, खरा कपडा आणि खरा माणूस घेऊन ये, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.

गेटपर्यंत आत्याला सोडायला गेलो. बस आली. पायरीवर चढता चढता तिने विचारलं, मी नीट बोलले ना?  मी मान खाली घालून उभा राहिलो. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. ॲसिडिटी नव्हतीच ती.

पण अजून सगळं हातचं गेलेलं नाही. नवा प्लॅन तयार आहे. आत्याचा निळा कोट मागून घ्यायचा. बाही तशीच ठेवायची, लाल दोऱ्यासकट. सरांना सांगायचं की माझा प्रवास भिंतीकडून कोटाकडे झाला. आत्या नाही म्हणणार नाही. दुसऱ्या वापरात म्हणजे कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवला असेल. घरी गेल्याबरोबर माफी मागतो आणि लगेच कोट मागतो. माफी आधी.

१ मार्च, संध्याकाळी
दारात चपला काढल्या. पायपुसण्यावर पाय ठेवला. आज आत्याने ते उलटं टाकलं होतं, एक बाजू मळली म्हणून. अंगठ्याखाली काहीतरी टोचलं म्हणून वाकून बघितलं. बटण होतं. त्याच्या शेजारी निळ्या कापडावर लाल दोऱ्याची लांबलचक शिवण. बाही उसवून, दुमडून, चारही बाजूंनी टाके घातले होते. कडा वाकड्या होत्या.

पाय मागे घेतला आणि दारातच उभा राहिलो.

आतून आत्या म्हणाली, पाय पुसून ये रे, फरशी आत्ताच पुसलीय.

पुसले.