कोयनेच्या हॉलमधला गर्डर

आप्पा,

काल तुमच्या नातवाचा सामना होता आणि सामनाभर मी तुमच्यावर चिडलेले होते. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं चिडू दिलंत? तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, त्यामुळं आधी हे सांगायला हवं की मी आता सांगलीत असते, मला एकच मुलगा आहे, आणि तो देशाकडून पुरुष दुहेरीत खेळतो. व्हय, बॅडमिंटनच. परदेशात सगळ्या खेळांची मिळून मोठी स्पर्धा भरते, तिथं गेलाय. कालचा सामना जिंकला तर पदक पक्कं, हरला तर रिकाम्या हातानं घरी.

कोयनानगरच्या कॉलनीतला हॉल तुम्ही कुठं गेलात तरी विसरणार नाही. भूकंपानंतर भिंतींना धरून ठेवायला तिथं कोर्टाच्या वरून आडवा लोखंडी गर्डर टाकला होता, तोही इतका बुटका की फूल जरा वर उचललं की टण्ण! शटलला आपण फूलच म्हणायचो. फूल गर्डरला लागलं की पॉइंट गेला, हा तुमचा कायदा. पॉवरहाऊसची ड्यूटी संपवून तुम्ही तसेच खाकी पँटवर यायचात, भिंतीला टेकून उभे राहायचात, आणि टण्ण झालं रे झालं की पाठोपाठ तुमचा आवाज, "आभाळात काय हाय गं तुझं?" मग आपण सगळेच सपाट मारायला शिकलो, जाळीला घासून, छातीच्या उंचीनं, जीव खाऊन. कॉलनीत आपल्या दोघांना हरवणारं कुणी उरलं नाही, आणि तुम्ही आणि मी मिश्र दुहेरी खेळायला साताऱ्याला गेलो. तिथं तुम्ही मान वर करून छप्पर बघितलंत आणि म्हणालात, "एवढं उंच कशाला बांधत्यात गं हे?" समोरची जोडी जाळीला चिकटून उभी राहिली आणि आपला एकेक सपाट फटका तिथंच ठेचत गेली. त्यांच्या डोक्यावरून मागं टाकलं असतं तर अख्खं मैदान मोकळं होतं. मी टाकलं नाही. तुम्हीही टाकलं नाहीत! परतीच्या एस.टी.त तुम्ही खेकसलात माझ्यावरच, "छप्पर बघून घाबरलीस व्हय?" सगळी गाडी वळून बघायला लागली. हात दोघांचाही वर जात नव्हता आप्पा, आणि ते तुम्हाला कळलं होतं. कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची रॅकेट माझ्या हातात दिलीत आणि ड्यूटीवर निघून गेलात.

त्याच रॅकेटवर तुमचा नातू शिकला. इथल्या हॉलचं छप्पर चांगलं उंच, तर मी आडवी सुतळी बांधली. फूल सुतळीच्या वर गेलं की पॉइंट गेला. दुसरं काही मला शिकवता येतच नव्हतं, तुम्ही शिकवलंत कुठं? त्या सपाट खेळावरच पोरगं इतकं लांब पोचलं, हे मात्र तुमच्या पदरात टाकते. काल सकाळी त्याचा फोन आला. "आई, समोरच्यांनी मला ओळखलंय. जाळीवर उभं राहून कापणार ते. कोच म्हणतात, वर उचल, मागं टाक. सरावात जमतं गं, सामन्यात हात अडतो." तेव्हा पहिल्यांदा मी त्याला गर्डरची गोष्ट सांगितली. त्याला आजवर फक्त सुतळी ठाऊक होती. तो हसला, "म्हणजे माझा हात भूकंपानं अडवलाय?"

"भूकंपानं नाही, तुझ्या आजोबांनी. तिथं गर्डर नाही बाळा. एकदा वर बघून घे."

सामना बघायला त्याच्या जोडीदाराची आई आमच्याकडं आली होती. जतकडची बाई, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, बॅडमिंटन तिनं लेकामुळंच बघितलेलं. दोन्हीकडं एकेक गेम झालाय, तिसरा चालू आहे, आणि समोरचे दोघं फक्त माझ्या पोराला धरून आहेत. तो सपाट मारतो, ते कापतात. तो आणखी जोरात मारतो, ते आणखी पुढं येतात. माझ्या डोळ्यांपुढं साताऱ्याचा तो हॉल. "आवं ताई, त्यो वर का मारंना?" बाई विचारते. "मागं तर समदं मोकळं हाय की!"

"मारील!" मी अशी ओरडले की त्या बिचारीनं हातातली बशी खाली ठेवली.

वीस-एकोणीस. एक पॉइंट मिळाला की पदक. पुढची सर्व्हिस व्हायच्या आधी टीव्हीवर त्याचा चेहरा दिसतो, आणि तो मान वर करून छप्पर बघतो. तुमचीच मान आप्पा, तशीच जराशी डावीकडं कलती. मला रडूच फुटलं. मग सर्व्हिस झाली, जोडीदारानं अंगावरचे दोन स्मॅश कसेबसे परतवले, फूल माझ्या पोराकडं आलं, समोरचे दोघंही जाळीवर धावले, आणि त्यानं गुडघे वाकवून रॅकेट खालून घातली. फूल वर गेलं.

जिंकला आप्पा! फूल मागच्या रेघेवर पडलं. जतची बाई किंचाळत माझ्या गळ्यात पडली, शेजारीपाजारी जमले, आणि तासाभरानं त्याचा फोन आला, "आई, बघितलंस? कसलं वर गेलं!" मी म्हटलं, "बघितलं रं राजा." सकाळपासून येईल त्याला तेच सांगतेय. या पत्राला पत्ता नाही, आणि पोराच्या हाताला तर ते कधी लागू द्यायचं नाही.

कारण मी बघितलंच नाही. फूल वर जायला लागलं तसे माझे डोळे मिटले आणि मी टण्ण व्हायची वाट बघत राहिले. आणि पोराचं पदक त्या एका फुलावर असताना, एक क्षणभर मला वाटलं, लागू दे. लागलं असतं तर पाठोपाठ तुमचा आवाज आला असता.