कांचीला बारा वाजता देऊळ बंद होतं

बाबा, आज आईला घेऊन कांचीपुरमला जाऊन आले. टॅक्सी करते म्हटलं तर फणकारली, "बस काय चावते का तुला?" ऐंशी उलटली तरी खिडकी पकडायला माझ्याआधी चढली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चपला ठेवायला जुन्या अभ्र्याची पिशवी, सगळं तुमच्याच पद्धतीनं. चेन्नईतल्या अड्यारच्या भाड्याच्या खोल्यांतून मी महिन्यातून एकदा असं एखादं जुनं देऊळ गाठते, स्वस्तातल्या लॉजवर राहते, केळीच्या पानावर पोटभर जेवते, आणि खरंच सांगते, मजेत आहे. हे वेड तुम्हीच लावलंत.

दर्शन उरकून आम्ही बाहेरच्या मोठ्या नंदीपाशी दशम्या खात होतो. सव्वाबाराला सांगलीकडची सात-आठ मंडळी धापा टाकत आली, तर दार बंद! चार वाजता उघडेल म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. आईला तर आयतंच सापडलं. "अहो, आमच्या ह्यांनी अस्संच केलं होतं. रेल्वेत हेडक्लार्क, पण साधी चौकशी करता आली नाही!" मंडळी खो खो हसली. मला तिला थांबवायचं होतं. तुमच्या नावाला लागलेला तो बट्टा पुसायचा होता, आणि मी खाली मान घालून चटणी वाढत राहिले.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मद्रासला बदली होऊन आपल्याला दीड वर्ष झालं होतं, मी आठवीत. तुम्ही महिनाभर वहीत बसच्या वेळा लिहीत होता, पाच देवळं एका दिवसात. पोचलो तर रखवालदार चार बोटं दाखवतोय. "देवाला दुपारची झोप? आपल्याकडे तर असं नसतं," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "तुमच्या ऑफिसात असते ना, तशीच." आणि मी, चौदा वर्षांची शहाणी, सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, तुम्हाला काहीच कसं जमत नाही हो?" तुमचे कान लाल झालेले मला दिसतात. "चुकलंच माझं," एवढंच म्हणालात.

मग आम्हाला याच नंदीपाशी बसवलंत. चार वाजेपर्यंत एकच नंदी बघायचा, म्हणालात. गळ्यातली माळ, पाठीची वळणं, झिजलेलं नाक. आधी मी तोंड फुगवून बसले होते, पण तासाभरानं माझीच बोटं दगडावरून फिरायला लागली. बघायचं कसं, ते मी त्या दुपारी शिकले. आजही कुठल्याही देवळात गेले की आधी एका दगडापाशी बसते, घाई करत नाही.

तुम्हाला मात्र ती दुपार भोवली. पुढे कुठं जायचं म्हटलं की आई विचारायची, "दार उघडं आहे ना?" काका-मावश्या हसायच्या, तुम्हीही हसायचात. हळूहळू ठरवायचं काम आईकडे गेलं आणि तुमची वही माळ्यावर. तंजावर, चिदंबरम, कितीतरी देवळं नुसती वहीत लिहिलेली राहिली. मी त्यातली बहुतेक बघितली, तुम्ही एकही न बघता गेलात.

बाबा, त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना शेजारच्या मामींनी मला तमिळमध्ये सांगितलं होतं, बाराला देऊळ बंद होतं, पहाटेची पहिली बस धरा, अप्पांना, म्हणजे तुम्हाला, सांग. घरात तमिळ फक्त मला येत होतं, म्हणून त्यांनी मलाच सांगितलं. पहिली बस म्हणजे चारला उठायचं. मी खाली आले, कपड्यांच्या घड्या केल्या आणि झोपले.

हे लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवूनच आज बसले होते. आत्ताच तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय लिहितेयस गं एवढं?"

मी म्हटलं, "वाणसामानाची यादी."