बर्फावरची चूल

१८ नोव्हेंबर

तळ्याच्या कडेने साय धरावी तसा बर्फ धरलाय. मध्ये अजून पाणी, त्यात बदकं. ऑफिसला जाताना रोज पाच मिनिटं गाडी थांबवते. खालच्या माशांचं आता काय होणार? शाळेत होतं, चार डिग्रीचं पाणी तळाशी राहतं वगैरे. वेंगुर्ल्यात घाम पुसत पाठ केलं होतं, पटलं कधीच नव्हतं.

मंदारला विचारलं. "गूगल कर ना," म्हणाला. मूड नाही. सांता क्लाराहून इथे मिनेसोटाच्या वरच्या टोकाला आलो ते माझ्या नोकरीसाठी, हॉस्पिटलच्या सिस्टिम्सची लीड म्हणून. आमचं ठरलंय: एक हिवाळा बघायचा, मार्चमध्ये दोघांनी मिळून ठरवायचं, राहायचं की परत जायचं. तो घरूनच काम करतो, दिवसभर खिडकीत. गार्गी तिकडे कॉलेजात. परत जायचंय असं तो बोलून दाखवत नाही. एकवीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, न बोलणं म्हणजे पक्कं आहे.

(यापुढे मं. एवढंच. गाडीत लिहितेय, बोटं वळत नाहीत.)

२ डिसेंबर

शेजारच्या डार्लीनबाई (यापुढे डा.). सत्तरीच्या, आयुष्यभर स्कूल बस चालवली, नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. मला काठावर उभी बघून म्हणाल्या, "यू वाँट टू वॉक ऑन इट?" म्हटलं, हो.

पहार घेऊन पुढे त्या, मागे मी. दर दोन पावलांना पहार आपटायची. आरपार गेली तर आल्या वाटेने मागे. नाही गेली. मग गिरमिटाने भोक पाडून मापलं: पाच इंच. चार असले की माणूस चालतं म्हणे. माझं वजन सांगावं का, असा विचार केला. नाही सांगितलं.

मं. काठावर. फोनवर नाइन वन वन टाइप करून, बोट वर धरून उभा.

अचानक पायाखालून आवाज पळत गेला, मोठा पत्रा वाकवल्यासारखा. मी खाली बसले. डा. हसून म्हणाल्या की हा चांगला आवाज, बर्फ अजून जाड होतोय. मला तर नेमकं उलट वाटलं असतं. किती गोष्टी इथे उलट्या आहेत याची यादी करायला हवी.

मं.: "झालं समाधान?" छे, आता कुठे सुरुवात.

१४ डिसेंबर

मासेमारीचं लायसन्स काढलं. उलट्या बादलीवर तीन तास. मासे शून्य.

भोकात बर्फाचा चुरा साठतो, तो सारखा काढावा लागतो. त्याला त्यांचं खास अवजार आहे. मी घरचा वडे तळायचा झारा नेला, तो सरस ठरला. डा. नी एकदा मागून घेतला तो परत दिलाच नाही.

थंडीत मासे सुस्त, हिसका देत नाहीत. हळूच तोंडात घेतात, आवडलं नाही तर टाकतात. दोरी बोटावर धरून बसायचं. आयुष्यात इतका वेळ मी एका बोटाकडे लक्ष दिलेलं नाही.

२१ डिसेंबर

मिळाला!! पर्च. वीतभर, हिरवट, अंगावर काळे पट्टे. मी काय करावं? गळातून काढला आणि पहिल्यांदा कल्ले उघडून बघितले, लालभडक आहेत ना. सवय. आईने शिकवलेली, बाजारात कोळीण ओरडली तरी कल्ले बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. मासा हातात उड्या मारतोय आणि मी तो ताजा आहे का बघतेय.

"हनी," डा. म्हणाल्या, "ही इज अलाइव्ह."

पोट दुखेपर्यंत हसल्या. मीही.

पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. मं. च्या घरी कुणी मासे खात नाही, त्याला वासाने खरोखरच मळमळतं. लग्नाआधीच ठरलं होतं की घरात शिजवायचे नाहीत. जबरदस्ती नव्हती, मीच हो म्हटलं होतं. तिकडे गॅरेजमध्ये हॉटप्लेट होती. दार उघडं ठेवून तळायचे, उभ्याउभ्या खायचे, अंघोळ करून घरात यायचं. कधी जड गेलं नाही. आज इथल्या गॅरेजमध्ये तेच केलं. बाहेर उणे बारा. तेल तापेचना! अर्धा तास. शेवटी मासा तेलात बसून नुसता मऊ झाला. हातमोजे घालून खाल्ला. चव वेंगुर्ल्याच्या मुडदुशाच्या जवळची होती असं वाटतं. वाटतं एवढंच.

मं. ने आतून दारावर टकटक करून विचारलं, "ठीक आहेस ना? हीटर आणून देऊ का?" चांगला माणूस आहे. मग मला कसला राग आला होता?

४ जानेवारी

बर्फ सतरा इंच. डा. नी ट्रकने त्यांचं फिश हाऊस ओढून तळ्यावर नेलं. चाकांवरची पत्र्याची खोली. जमिनीत चार भोकं, दोन बाकं, एक गॅसची शेगडी, भिंतीला नवऱ्याची टोपी. पडद्यांना तीस वर्षांच्या माशांचा वास.

मी कोकमाच्या आगळाची बाटली, मसाला, तांदळाचं पीठ नेलं होतं. डा. लोणी आणि मीठ घेऊन बसलेल्या. सहा पर्च मिळाले. तीन त्यांच्या पद्धतीने, तीन माझ्या. तव्यात चर्र झालं, खोलीभर वास पसरला आणि मी सवयीने उठून दार उघडायला गेले.

"व्हॉट आर यू डूइंग? इट्स कोल्ड!"

दार लावून बसले. बसून खाल्ला. गरम. काटे काढत, सावकाश, दुसऱ्या माणसाशी गप्पा मारत. आणि मला मूर्खासारखं रडू आलं. डा. ना वाटलं तिखटामुळे. त्यांनी पाणी दिलं, त्याही तिखटाने लालबुंद झाल्या होत्या, पण तिसरा तुकडा सोडला नाही.

इतकं साधं काहीतरी मला हवं होतं आणि ते मलाच माहीत नव्हतं.

१२ जानेवारी

इथे माशाच्या दोन्ही बाजूंचं मांस काढून बाकी सगळं फेकतात. डोकंसुद्धा! तळ्यावरच्या शेजारच्या खोपटाबाहेर डोक्यांचा ढीग, कावळे मजा करतायत. मला बघवेना. बादली घेऊन दारं वाजवत फिरले: "तुमची डोकी मिळतील का?" एकाने विचारलं, किती कुत्री आहेत तुमच्याकडे? म्हटलं, मीच. त्याने बादली भरून दिली.

वॉलाय या इथल्या लाडक्या माशाच्या डोक्यांचं कालवण, तिरफळं घालून. तिरफळं आईने पाठवलेली, चार वर्षं डब्यात पडून होती. डा. नी डोळ्यांकडे बघितलं नाही, रस्सा मात्र दोनदा घेतला. आता खोपटांमधून मला हात करतात. "सूप लेडी" म्हणतात म्हणे. सांता क्लाराला सतरा वर्षं राहिले, तिथे मला समोरच्या घरातल्या माणसाचं नाव माहीत नव्हतं.

२६ जानेवारी

गार्गीचा फोन. "आई, बाबा इज लोनली, यू नो दॅट, राइट?" मला वाटलं होतं, हे फक्त मला माहीत आहे. त्याने तिला सांगितलं का? "नो, ही जस्ट कॉल्स अ लॉट."

घरी आले तर तो वरणभात करून थांबलेला. माझ्या जॅकेटला वास होता, त्याने खिडकी दोन बोटं उघडली. जेवताना म्हणाला, "आज काय पकडलंस?" मी सांगत सुटले, पाण्याची खोली, कुठली अळी लावली, पाण्यात कॅमेरा सोडला तर मासा कसा येऊन नुसता बघून जातो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की त्याचा दिवस मी विचारलाच नाही.

८ फेब्रुवारी

ईलपाउट! लांबलचक, बुळबुळीत, हनुवटीला एकच मिशी. बाहेर काढला की हाताला विळखा घालतो. लोक शिव्या देऊन बर्फावर भिरकावतात. मी म्हटलं, अरे थांबा. आमच्याकडच्या वामसारखाच की. चिरला तर आत गाबोळी, ओंजळभर! तळलेल्या गाबोळीचा पहिला तुकडा डा. ना दिला. सत्तर वर्षं या तळ्यावर, आणि त्यांनी तो कधी खाल्ला नव्हता. सावकाश चावला. मग म्हणाल्या, "वेल, शूट." इथलं 'अगं बाई' असावं.

मग माझा नेहमीसारखा प्रश्न: हा मासा भर थंडीत, बर्फाखाली अंडी का घालतो? कुणाला माहीत नाही. पिल्लांना आधी सुरुवात मिळत असेल, हा माझा अंदाज.

१६ फेब्रुवारी

मं. आला. मी बोलावलं नव्हतं. चालत आला, पेंग्विनसारखा. आत आला नाही. गिरमिट घेतलं आणि बाहेर भोकं पाडत सुटला. एक, दोन, अकरा. कशाला? "मजा येतेय यार!" गाल लाल, टोपी वाकडी. मग आवाज झाला, तो बर्फाचा, आणि तो पोरासारखा पालथा पडून कान लावून बसला. कुठून सुरू होतो, कुठे जातो, हातांनी दाखवत होता. याच माणसाशी मी लग्न केलं होतं.

नंतर डा. आणि मी तळता तळता हसत असताना दार उघडून आत आला. मफलर नाकावर. बाकावर टेकला. मी शेगडी बंद केली. "राहू दे, चालू दे," म्हणाला. चार-पाच मिनिटं बसला, डोळ्यांत पाणी, रंग पांढरा. मग बाहेर जाऊन वाकून उभा राहिला.

मला त्याचं इतकं वाईट वाटलं. आणि शेगडी परत लावली. दोन्ही खरं आहे.

२८ फेब्रुवारी

वॉलायचा सीझन संपला, पर्च चालतो. दोन बातम्या.

एक. मं. च्या जुन्या टीमने परत बोलावलंय, ऑफिसात बसायचं, सांता क्लारा. उत्तर २० मार्चपर्यंत. सांगताना त्याने आनंद लपवला. माझ्यासाठी. लपला नाही.

दोन. डार्लीनबाईंचे गुडघे. पुढच्या वर्षी बर्फावर यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. फिश हाऊस मला द्यायचं म्हणतात. "पण इथे असशील तर. नसशील तर माझ्या भाच्याला देईन, तो त्यात बिअर पीत बसेल. घर तळ्यावरून उचलू त्या दिवसापर्यंत सांग." मार्चच्या मध्यापर्यंत सगळी खोपटी हलवावी लागतात, नियम आहे.

मं. ला पहिल्या बातमीबद्दल म्हटलं, "अरे वा." दुसरी सांगितली नाही.

७ मार्च

अजून नाही सांगितलं. रोज ठरवते. तो घरांच्या साइट्स बघतो, मला दाखवतो. "ह्याला गॅरेज मोठं आहे बघ, तुझ्यासाठी." मी "छान आहे" म्हणते.

दिवसा बर्फावर पाणी साचतं, सकाळी परत गोठतं. मासे एकदम जागे झालेत, दोरी टाकायचा अवकाश. त्यांना खाली कसं कळतं वर ऊन आलंय? उजेडावरून? डा. म्हणतात, वितळलेलं पाणी भोकांतून आत जातं, त्याने. आज चौदा पर्च. मन लागलं नाही, असं पहिल्यांदाच.

१५ मार्च

फिश हाऊस काढायचा दिवस. चाकं बर्फात रुतलेली. डा. ट्रकमध्ये, मी आणि मं. पहारीने चाकं मोकळी करत होतो. तो स्वतःहून आला होता. डा. नी काच खाली करून ओरडून विचारलं, "सो? इज इट युअर्स ऑर नॉट?"

मं. ने माझ्याकडे बघितलं. मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, तिथेच, गुडघाभर चिखलबर्फात. डा. फिश हाऊस मला देतायत. मला हवंय. मला इथे राहायचंय. नोकरीसाठी नाही, किंवा फक्त नोकरीसाठी नाही.

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही.

"त्या दिवशी मी आत बसलो होतो ना," म्हणाला, "तू त्या म्हातारीशी हसत होतीस. घरात तू अशी हसत नाहीस. मला वाटायचं तू अशीच आहेस, शांत."

मी चाकाखालचा बर्फ खरवडत राहिले.

मग म्हणाला, "मी एकटा गेलो, तर तू इथे राहशील?"

भांडणाचा सूर नव्हता. खरंच विचारत होता, खोली किती आहे विचारावं तसं. मी लगेच "वेडा आहेस का" म्हणायला हवं होतं. कुणीही म्हणालं असतं. मी म्हटलं नाही. तो थांबला. ट्रक घरघरत होता. मी अजूनही म्हटलं नाही, आणि त्याने ते ऐकलं.

शेवटी म्हणाले, "माहीत नाही."

"बरं," म्हणाला, आणि पहार उचलून दुसऱ्या चाकाकडे गेला. डा. ना मी हाताने 'नंतर सांगते' असं केलं. घर त्यांच्या अंगणात उभं आहे, भाच्याला अजून फोन केलेला नाही.

१८ मार्च

सकाळी पोहे खाताना म्हणाला, "डार्लीनबाईंना काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. तू टीमला?"

"मी पण नाही."

गार्गीचा फोन आला, दोघं हसून हवापाण्याचं बोललो. मग तो खिडकीत बसला, मी ऑफिसला निघाले. तळ्याच्या कडेला पाण्याची काळी रेघ दिसायला लागलीय. गाडी थांबवली नाही. त्याने उत्तर द्यायला दोन दिवस आहेत. तो काय म्हणेल याचा विचार मी हिवाळाभर केला. आज मला माझ्याच उत्तराची भीती वाटतेय.