दीड इंचाचं पातं

३ मार्च, सोमवार

धुलाईखान्याच्या फाटकावर नवीन सूचना. “आवारात कोणतेही धारदार हत्यार आणू नये. आढळल्यास तत्काळ बडतर्फ करण्यात येईल.”

हत्यार! माझा चाकू मिटला की करंगळीएवढा होतो. पातं दीड इंच. याला हत्यार म्हणायचं, तर सासूबाईंच्या जिभेला काय म्हणायचं?

गेल्या आठवड्यात गाडी उतरवणाऱ्या दोघांची जुंपली आणि एकाने वीतभर सुरा काढला, म्हणून हे सगळं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मुकादम दारात उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, “काही आहे का?” मी “नाही” म्हटलं. ॲप्रनच्या आतल्या छोट्या खिशात होता. बावीस वर्षं तिथेच आहे.

४ मार्च, मंगळवार

आज घरी ठेवून गेले. हात सारखा खिशाकडे जात होता.

हॉस्पिटलचे लहान कपडे जाळीच्या पिशव्यांतून धुतले जातात. पिळून निघाले की पिशवीच्या नाडीची गाठ दगड होते. धुलाईखान्यात कात्री एकच, तीही साखळीने टेबलाला बांधलेली, पार दुसऱ्या टोकाला. चार वेळा गेले, चार वेळा आले. पाचव्या वेळी दातांनी गाठ सोडवली. रेडिओने पाहिलं. “अगं ताई, शी! कुणाकुणाचे कपडे ते!”

(रेडिओ म्हणजे चादरींच्या इस्त्रीच्या रोलरवर माझ्या शेजारी उभी राहणारी. सकाळी सातला सुरू होते, जेवणाच्या सुट्टीतही बंद होत नाही. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल.)

९ मार्च, रविवार

धाकटा भाऊ आला होता. कमरेला त्याचा तो नवा चाकू — एका हाताने खटकन उघडतो, उघडला की कुलूप बसतं. चार बोटं लांब पातं. आल्या आल्या माझा हातात घेतला आणि हसला. “ताई, हे खेळणं आहे. नख लावून उघडायचं, वर कुलूप नाही. जोर दिलास तर तुझ्याच बोटावर मिटेल.”

मी विचारलं, “या महिन्यात तू तुझ्या चाकूने काय कापलंस?”

थोडा विचार करून म्हणाला, “खोका.”

आमचे हे घड्याळ दुरुस्त करत बसले होते, डोळ्याला भिंग. तिथूनच म्हणाले, “मोठा चाकू लागेल तेव्हा लागतो. छोटा जवळ असतो.” बस, एवढंच. पुन्हा घड्याळात.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनीच दिला होता. दागिना द्यायचा सोडून चाकू! तेव्हा मी आठ दिवस बोलले नव्हते. पण खरं सांगायचं तर दागिना कपाटात राहिला असता. आमच्या कपड्यांना खिसेच नसतात, असले तर नखाएवढे. त्यात हाच मावतो. याला पाहून कुणी दचकत नाही. बसमध्ये फळ कापून द्या, कुणाच्या बाहीचा लोंबता दोरा कापा, लोक आपण होऊन हात पुढे करतात. भावाने त्याचा काढला की अख्खी खोली गप्प होते.

पण भाऊ म्हणतो तेही खोटं नाही. ओल्या हातांनी उघडत नाही. आणि कुलूप नाही हे खरंच.

१० मार्च, सोमवार

पुन्हा नेला. नियम मोडला. गाठी मात्र पटापट सुटल्या.

१२ मार्च, बुधवार

उजव्या तर्जनीला तीन टाके आहेत. अक्षर वाकडं येतंय. तरी आजच लिहायला हवं.

अकराच्या सुमाराला. रोलरवर ओल्या चादरी लावत होतो — डावं टोक रेडिओकडे, उजवं माझ्याकडे. ती शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगत होती. तिच्या ॲप्रनची कमरेची नाडी सुटून लोंबत होती, ती ओल्या चादरीला चिकटली आणि चादरीबरोबर आत गेली. आधी कळलंच नाही. ती “ताई” म्हणाली. मला वाटलं गोष्टीतलंच.

मग पुन्हा “ताई” म्हणाली. तो आवाज वेगळा होता.

नाडी तिला ओढत होती. पोट मशीनला टेकलं होतं. मागे रेटायला तिने डावा हात पुढे टाकला तो थेट तापलेल्या रोलरवर. मी मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं. रोलर फिरतच राहिला. परत दाबलं. मूठ आपटली. फिरतोय! पलीकडे घड्या घालणारी होती, ती किंचाळत मेन स्विचकडे धावली — तो भिंतीच्या मागे, वाळवण्याची यंत्रं ओलांडून.

चाकू काढला. बोटं ओली. नख खाचेवरून सटकलं. पुन्हा लावलं, पुन्हा सटकलं. शेवटी पातं दातात धरून उघडलं. नाडी इतकी ताणलेली की तंतुवाद्याची तार. एकदा ओढलं, दोनदा, तिसऱ्यांदा तुटली. रेडिओ मागे माझ्या अंगावर कोसळली. त्या धक्क्यात चाकू मिटला — माझ्या बोटावर.

त्यानंतर कधीतरी मशीन थांबलं.

तिचा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजलाय. पण हात आहे. पाचही बोटं हलतात. मी मोजली. दोनदा मोजली.

मुकादम धावत आला. आधी तिच्याकडे पाहिलं नाही. जमिनीवर पडलेल्या चाकूकडे पाहिलं.

१३ मार्च, गुरुवार

मुकादमाने खोलीत बोलावलं. दार लावलं. चाकू त्याच्या टेबलावर, रुमालावर ठेवलेला. पात्यावर माझंच रक्त, वाळलेलं.

“बसा बाई. बोट कसंय?”

बसले.

“हे बघा, तुम्ही तिचा जीव वाचवलात. त्यात वाद नाही. पण सूचना तुम्ही वाचली होती. मी दारात विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. सरळ बडतर्फीच आहे.” मग आवाज खाली. “सोमवारी मला लेखी द्या. तुम्ही बटण दाबलं, मशीन थांबलं, नाडी जीर्ण होती ती तुटली. बोट पत्र्याने कापलं. चाकू? कसला चाकू?”

असं म्हणून त्याने रुमालासकट चाकू माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, “बटण चाललं नाही.”

“चाललं नाही म्हटलं की अख्खा विभाग बंद. तीस जणी घरी. विचार करा. तुमच्याही हिताचंच आहे.”

चाकू उचलला नाही. पण “नाही”सुद्धा म्हणाले नाही. उठून आले.

१४ मार्च, शुक्रवार

मन लागत नाही. मशीनला कुलूप. आम्हाला घड्या घालायला बसवलंय. मुकादम दोनदा शेजारून गेला. खोकून पुढे गेला.

१५ मार्च, शनिवार

हॉस्पिटलमध्ये जाऊन रेडिओला भेटले. ज्या चादरी आम्ही इस्त्री करतो त्यांतल्याच एकीवर ती झोपली होती. हाताला पांढरं बँडेज. बोलेना. पंधरा मिनिटं मीच बडबडले — हवा, बस, बोट. तिचा रेडिओ बंद आणि माझाच सुरू! शेवटी म्हणाली, “मुकादम काल येऊन गेला.”

“काय म्हणाला?”

“बसून करायचं काम देतो म्हणाला. कायमचं. फक्त बटण चाललं म्हणायचं.” मग छताकडे बघत, “ताई, मला तर काही आठवतच नाही. फक्त तुझं ते नख आठवतं. टकटक, टकटक. सटकत होतं.”

“तू काय सांगणार?”

“तू सांगशील ते.”

माझ्यावर टाकलं.

१६ मार्च, रविवार

घरात भांडण. भाऊ आला, म्हणाला, “लिहून दे ना ताई! जिवंत आहे ती, तू आहेस, मग कशाला हात दाखवून अवलक्षण? वर्षभराने निवृत्त होशील.” हे म्हणाले, “बटण नाही चाललं तर नाही चाललं. पुढच्या वेळी तिथे चाकूवाली असेलच असं नाही.” भाऊ म्हणाला, “भाऊजी, बोलायला काय जातंय तुमचं?” हे उठून आत गेले.

मी दोघांवरही ओरडले. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. भाऊ जेवलाही नाही.

नंतर जाताना, दाराशी, एवढंच म्हणाला, “माझा असता तर लगेच उघडला असता.” मी म्हटलं, “तुझा असता तर फाटकावरच सापडला असता.” तो हसला नाही. मीही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

१७ मार्च, सोमवार

लेखी दिलं नाही. बोट दुखतं, लिहिता येत नाही, असं सांगितलं. मुकादम माझ्या बोटाकडे बघत राहिला. “शुक्रवारी अपघाताच्या चौकशीला तपासनीस बाई येतायत. तेव्हा तोंडी सांगा. एकच सांगा म्हणजे झालं.”

१९ मार्च, बुधवार

झोप नाही. यांनी विचारलं, “तुला भीती कशाची वाटते? नोकरीचीच ना?” मी “हो” म्हटलं.

२१ मार्च, शुक्रवार

तपासनीस बाई आल्या. बारीक चणीच्या, पायात खेळाचे बूट, आवाज अगदी हळू. रेडिओलाही बोलावलं होतं, हात गळ्यात बांधलेला. मुकादम भिंतीला टेकून उभा.

बाईंनी तिची तुटलेली नाडी टेबलावर ठेवली. “जीर्ण नाडी तुटली तर दोरे पिंजलेले दिसतात,” त्या म्हणाल्या. “ही कापलेली आहे. कशाने?”

रेडिओ माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली होती ना, तू सांगशील ते.

“चाकूने,” मी म्हटलं. “माझ्या. दीड इंचाचा आहे. रोज आणते. सूचना लागल्यावरही आणला. बटण तीनदा दाबलं, चाललं नाही, म्हणून कापलं.”

मुकादमाने मान खाली घातली. रेडिओ म्हणाली, “हो. असंच झालं. मांजराची गोष्ट अर्धीच राहिली तेव्हा.” आणि रडायला लागली, आणि रडता रडता बोलतच सुटली — नऊ दिवसांचं साठलेलं. बाईंनी तिला थांबवलं नाही.

बाईंनी चाकू मागवून घेतला. उघडून बघितला. त्यांचंही नख पहिल्यांदा सटकलं! “रोज जवळ बाळगायला हा बरा का?” त्यांनी विचारलं. चौकशीचा प्रश्न वाटला नाही, खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, “उघडायला वाईट, मिटायला त्याहून वाईट. पण जवळ होता.” त्यांनी ते लिहून घेतलं. नोकरीचं काय ते कळवतील. निदान आज तरी कुणी काढलं नाही.

बाहेर आल्यावर रेडिओने चांगला हात माझ्या खांद्यावर टाकला. “ताई, तू नसतीस तर...” यांनी घरी आल्यावर ताट वाढलं. भावाचा फोन — “ऐकलं. वाघीण आहेस.”

बाईंनी उद्या सकाळी परत बोलावलंय. रोज सकाळी मशीन तपासल्याचा तक्ता घेऊन बसायचंय म्हणाल्या.

२२ मार्च, शनिवार

तक्ता टेबलावर उघडा होता. “लाल बटण — तपासले, ठीक.” चौदा महिने, रोज सकाळी सात वाजता. प्रत्येक ओळीपुढे सही. मुकादमाची नाही. माझी.

घाईत असायचो, मशीन तापत असायचं, मी सह्या करून टाकायचे. एकदाही दाबून पाहिलं नाही. हे मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

रेडिओ शेजारच्या खुर्चीत होती, चांगला हात माझ्या खांद्यावर. पुढे वाकून तिने एकेक ओळ खालपर्यंत वाचली. मग खांद्यावरचा हात काढून घेतला.

“सही माझीच आहे,” मी बाईंना म्हटलं. “तपासलं कधीच नव्हतं.”