चित्रात नसलेली जाळी

मंगळवार, संध्याकाळ. शिरूर रोडला, रिक्षाची वाट बघत.

 कंपनीत प्रेस मशीनच्या स्क्रीनवरली चित्रं मीच केलीत. मराठी, हिंदी, ओडिया, कुणालाच वाचावं लागू नये म्हणून. आतलं नीट दिसावं म्हणून पुढची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी दाखवलीच नाही.

आज नव्या कामगारानं, बिपिननं, चित्र बघून खरी जाळी उतरवली आन् चालू मशीनमधे हात घालायला निघाला. मी ओरडलो तसा थांबला. तो हसला, "फोटो में जाली है ही नहीं, भैया."

सुपरवायझर मामा म्हणाले, "चित्रकार, उद्या बदला की."

उद्या? दुसऱ्या शिफ्टलाही तेच चित्र, जाळी नसलेलं. घरी जाताना कंपनीच्या बसमधून मामांना फोन लावले, उचलत न्हाईत. शेवटी ड्रायव्हर आप्पांना गाडी थांबवायला लावली.

"काय इसरलं रं?"

"जाळी," म्हटलं.

कंपनीत परत जायला रिक्षा येईना. आत्ता कोण बघत असेल ते चित्र?